निम्म्या गिरणीचे मालक

तुमची अर्धुके मी जाळली नाहीत.

एवढे लिहून मी बराच वेळ थांबले. लिहिण्याचा मला सराव नाही. शाळेत निबंधाला चांगले गुण मिळत. पण ते दिवस आता दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. तुम्हाला तर मी कधी पत्रही लिहिले नाही. लग्नानंतर तुम्ही रेवदंडा सोडून फारसे कुठे राहिला नाहीत, आणि मलाही माहेरी फार दिवस राहू दिले नाहीत. त्यामुळे तुम्हाला लिहिलेले हे पहिलेच, आणि तेही तुम्ही वाचणार नाही अशा वेळी. तुम्ही गेल्यावर मासिकाच्या संपादकांनी तुमच्याविषयी ‘चार शब्द’ मागितले आहेत. जन्म, शिक्षण, कारखान्याची भरभराट असे काहीतरी त्यांना हवे असावे. ते दुसरे कोणी लिहील. मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि या खेपेस तुम्ही मध्येच उठून जाणार नाही एवढी खात्री आहे.

वाचणाऱ्यांना अर्धुके म्हणजे काय ते सांगावे लागेल. तुम्ही म्हणाल, सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. नाही, सगळ्या कोकणाला आपले भांडण ठाऊक आहे, त्यातली वस्तू नाही.

मामंजींनी खाडीच्या काठी ओतशाळा घातली आणि भात भरडायच्या गिरण्या करायला सुरुवात केली. गिरणीचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, अंग दोन भागांचे असे. खाली पेटी, वर झाकण. प्रत्येक भागाचा एक सागवानी नमुना होता. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओतायचे. लहान, मधली, मोठी अशा गिरणीच्या प्रत्येक मापाच्या नमुन्याची ही दोन अर्धुके, पेटीचे आणि झाकणाचे. पेटीच्या कडेला लाकडी खुंट्या होत्या, झाकणाला तेवढीच भोके. ओतकामाच्या सकाळी मामंजी पेटीवर झाकण ठेवून स्वतः मिटून पाहत. ठक् असा एकच आवाज व्हायचा. तो झाला की म्हणायचे, “पेटवा.” नमुना मिटल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, हा त्यांचा नियम. एका मापाची आपली कोणतीही पेटी त्या मापाच्या कोणत्याही झाकणाला बसे, ते त्यामुळे. बापाने घेतलेल्या गिरणीचे झाकण फुटले तर मुलाने निश्चिंतपणे यावे आणि नवे घेऊन जावे, असा तो शब्द होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, आणि किहीमपासून दिवेआगरपर्यंत त्यावर कोणी शंका घेतली नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी या घरात आले. पुण्याच्या मुलींच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, गणितात बरी, आणि चार माणसांत तोंड उघडायला भिणारी. तुमच्या आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, “शिकलेली आहे म्हणतात, पण बोलत नाही. शिक्षण घशात अडकलं असेल.” तुम्ही हसलात. मीही हसले. तेव्हा तुमच्याबरोबर हसता येत असे.

मामंजींनी मात्र एके दिवशी मला ओसरीवर बोलावून विचारले, “सूनबाई, अक्षर चांगलं आहे म्हणे तुझं. मोठं काढता येईल? हाताच्या पंजाएवढं?”

आपल्या गिरणीवर आपले नाव नसे. ती ज्या गावी जायची त्या गावाचे नाव झाकणावर उठावाने ओतलेले असे. मामंजी म्हणत, “दळणार गाव, खाणार गाव, आपलं नाव मध्ये कशाला?” तर गावाची अक्षरे मी कागदावर काढायची, सुताराने ती लाकडात कापायची आणि झाकणाच्या नमुन्यावर बारीक खिळ्यांनी ठोकायची. पहिले नाव दिवेआगर. ‘दि’ची वेलांटी मी तीनदा खोडली. ती गिरणी मचव्यातून गेली तेव्हा तुम्ही मला बरोबर नेलेत. आपला तो एकच प्रवास. वाडीत गिरणी उतरवून घेतल्यावर सगळे सरबताला वळले, आणि तुम्ही माझे बोट धरून त्या वेलांटीवरून फिरवलेत. “हे तुझं,” म्हणालात.

तेवढ्या दोन शब्दांवर मी पुढची कित्येक वर्षे काढली. ते मला मान्य आहे, आणि त्यासाठी मी तुमची ऋणी आहे. मागाहून पाहुण्यांना “अक्षर वडिलांचं” असे तुम्ही सांगू लागलात, तेही मी ऐकले आहे. कोणते खरे मानायचे हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितले नाहीत.

मामंजी गेले, आणि तुम्हा दोघा भावांना कळले की आजवर एकमेकांशी बोलायची गरजच पडली नव्हती; दोघेही त्यांच्याशी बोलत होतात. वसंत भाऊजींना कारखाना पेणला न्यायचा होता. रस्ता आहे, ट्रक आहेत, आज ना उद्या वीज येईल. तुमचे म्हणणे, मोडीचे बीड मुंबईहून मचव्याने येते, ओतायची वाळू खाडीची, भट्टीचे लोक इथले; कारखाना हलणार नाही. दोघांचेही बरोबर होते. म्हणूनच ते मिटले नाही. एक चुकीचा असता तर कधीतरी थकला असता.

वाटणीचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. अलिबागचे तुमचे वकील मामा झोपाळ्यावर बसले होते. घर तुमच्याकडे, पेणची जागा भाऊजींकडे, घण, सांडश्या, भाते सगळे सरळ वाटले गेले. मग नमुने अंगणात मांडले. मामा म्हणाले, “लहान आणि मधली गिरणी एकानं घ्या, मोठी दुसऱ्यानं. काय?”

“मोठी कुणी घ्यायची?” तुम्ही.

“मी घेतो,” भाऊजी.

“तू का?”

“बरं, तू घे.”

“म्हणजे मी मोठी घेतली असं गावभर सांगायला तू मोकळा!”

मामांनी कपाळाला हात लावला. “मग चिठ्ठ्या टाका रे बाबांनो.”

“बाबांच्या नमुन्यांवर जुगार नको,” भाऊजी म्हणाले. आणि तुम्ही, जणू फार मोठा न्याय सापडला आहे अशा आवाजात म्हणालात, “प्रत्येकातलं निम्मं. पेट्या मला, झाकणं त्याला. बघू कोण कोणाच्या दारात येतो ते.”

“बघू की,” भाऊजी म्हणाले.

त्या वेळी मी दाराआडून बाहेर आले. पुरुषांच्या बैठकीत मी आयुष्यात एकदाच बोलले, तेही एकच वाक्य. “निम्मा नमुना हा नमुनाच नव्हे. पेटी एकाकडे आणि झाकण दुसऱ्याकडे गेलं तर मामंजींचा नियम कुणालाच पाळता यायचा नाही.” वाक्य मी पूर्ण केले. मामांनी मान वर करून पाहिले. भाऊजींनीही पाहिले, क्षणभर मला वाटले की ते काही बोलणार. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “बायकांनी आत जावं.”

मी आत गेले. पेट्या माळ्यावर चढल्या. झाकणे गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून पेणला गेली, आणि त्यांच्याबरोबर माझी अक्षरेही गेली, कारण ती झाकणावरच ठोकली जात. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेवताना म्हणालात, “तो येईल. झाकणांवर काय भात भरडणार आहे?” पेणला धाकट्या जाऊबाईंच्या समोर हेच वाक्य पेटीच्या नावाने म्हटले गेले, हे मला पुढे कळले.

मी तुम्हाला एक मार्ग सुचवला होता, आठवतो? नवा झाकणाचा नमुना करून घ्या. सुतार होता, सागवान होते, आणि मामंजींची ती खास पट्टीही वाटणीत आपल्याकडेच आली होती. ओतलेले बीड निवताना आकसते, म्हणून नमुना किंचित मोठा करावा लागतो. त्यासाठी त्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा केसभर मोठा होता. आकडेमोड मी करून देते म्हटले. तुम्ही म्हणालात, “नवा कशाला? आपलं झाकण आहे की पेणला.”

पुष्कळ वर्षांनी मला त्याचा अर्थ लागला. नवा नमुना झाला असता तर पेणची झाकणे बिनमहत्त्वाची झाली असती, आणि तुमच्याजवळ भांडायला काही उरले नसते. गिरणी नसली तरी तुमचे चालले असते. भांडण नसते तर चालले नसते.

शेवटी मागण्या अडल्या तेव्हा तुम्ही जे केलेत ते मामंजींच्या भट्टीवरच्या शिकाऊ गड्यानेही केले नसते. एका जुन्या गिरणीचे बिडाचे झाकण काढून तेच वाळूत दाबलेत आणि त्यावरून नवे ओतलेत. एकदा आकसलेल्या वस्तूवरून ओतलेले पुन्हा आकसणारच. तुम्हाला हे ठाऊक नव्हते असे नाही. “कानशीनं जमवून घेऊ,” म्हणालात. झाकण पेटीवर न मिटवताच त्या सकाळी भट्टी पेटली. मी माजघरात आवाजाची वाट पाहत उभी होते. आवाज आला नाही, धूर आला.

ती गिरणी आतल्या एका गावच्या पाटलांकडे गेली, आणि भाताच्या दिवसांत पाटील स्वतःच बैलगाडी जुंपून ती परत घेऊन आले. गाडीतून उतरता उतरताच त्यांनी सुरुवात केली.

“शेट, ह्ये झाकण हाय का टोपी? इंजन चालू केला का डोक्यावर भिरभिर करतंय.”

“बोल्ट आवळले नसतील नीट,” तुम्ही.

“आवळलं! माज्या दोन्ही पोरांनी लोंबकळून आवळलं. भात घातला पेटीत, तूस गेला आकाशात, नि तांदूळ आला माज्या अंगावर. बायको म्हनाली, अक्षता पडतायत, दुसरा लगीन करताव का काय?”

भट्टीवरची माणसे हसली. तुम्ही हसला नाहीत. पाटील मग हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या बापाशीची गिरण आमच्याकडं हाय, ती अजून गुमान चालतंय. आमी तुमाला नाव न्हाय ठेवत. पन धाकल्याकडनं शेजारच्या गावानं घेतलीय, तिची पेटी हालतंय. तुमी दोघं भाव मिळून येक गिरण करा, न्हाय तर आमी दोन गावं मिळून येक करतो.”

म्हणजे पेणलाही तेच चालले होते. भाऊजींनीही जुन्या पेटीवरून पेटी ओतली होती. एकाच बापाच्या दोन मुलांनी एकमेकांना न विचारता तंतोतंत एकच चूक करावी, यात मला थोडा तरी जिव्हाळा दिसायला हवा होता. मला दिसला नाही.

पाटील गेल्यावर मी तुम्हाला म्हटले, “मी पेणला जाऊन येते. जाऊबाईंना भेटायच्या निमित्तानं.” दुसऱ्या दिवशी माळ्याच्या दाराला कुलूप दिसले, आणि चावी तुमच्या जानव्याला.

त्यानंतर बाहेरून तयार गिरण्या येऊ लागल्या. हिरव्या रंगाच्या, विजेवरच्या, कोणत्याही गावाचे नाव नसलेल्या. एकेका गावाने आपल्याकडे पाठ फिरवली, आणि तुम्ही प्रत्येक वेळी म्हणालात, “वसंतामुळे.” भट्टीवरची माणसे कुणी होडीवर गेली, कुणी मुंबईला गिरणीकामाला. ओतशाळेत कोळणी मासळीच्या टोपल्या ठेवू लागल्या. तुम्ही त्यांना हाकलले नाहीत. हे मी तुमच्या बाजूने लिहिते. तुमच्यात माया नव्हती असे मी कधी म्हटले नाही; ती कुणाकडे वळवायची याबद्दल मात्र तुम्ही फार हट्टी होतात.

दुखण्यात तुम्ही मवाळ झालात असे लोक म्हणतात. भेटायला आलेल्यांशी तुम्ही मवाळ होता. मी उशी सरळ करीत असताना एका दुपारी तुम्ही माझे मनगट धरलेत. मला दिवेआगरची वेलांटी आठवली. मला वाटले, आता तुम्ही काहीतरी बोलाल. ‘आत जावं’ म्हटल्याबद्दल नसेल, अक्षराबद्दल असेल, निदान इतकी वर्षे औषधपाणी केल्याबद्दल असेल.

“माळ्यावरच्या पेट्या,” तुम्ही म्हणालात, “माझ्याबरोबर जाळा. सागवान आहे, चांगलं पेटेल. त्याला मिळता कामा नयेत.”

“बरं,” मी म्हटले.

“शब्द दे.”

मी तुमच्या तोंडाला पाण्याची वाटी लावली. शब्द दिला नाही. तुम्ही पाणी प्यालात आणि दिला असे धरून चाललात. आपला संसार बहुतेक असाच झाला.

आपल्याला मूल नाही. म्हणून अग्नी द्यायला भाऊजींनाच बोलवावे लागले. ज्याला लाकूड मिळू नये म्हणून तुमची धडपड होती, त्याच्याच हातून तुम्हाला लाकूड मिळाले. ते ओल्या पंच्याने अंगणात उभे राहून रडत होते, अगदी मोठ्याने, आणि मला त्यांचा राग आला. पेणहून रेवदंड्याला एसटी रोज येते. रडायला ते कधीही येऊ शकले असते.

माणसे आंब्याची लाकडे रचायला निघाली. चावी मी तुमच्या जानव्यावरून सोडवून घेतली होती. कुणाला काही सांगितले नाही. तुमचे ते सांगणे ऐकलेली फक्त मीच होते.

तुमचे दिवसकार्य झाल्यावर भाऊजी निघाले, तेव्हा मी त्यांना म्हटले, “पुढच्या खेपेला झाकणं घेऊन या.” ते आठवड्याच्या आत आले. केस पिकलेले, कमरेत वाकलेले, आणि खांद्यावर गोणपाट. मी आधीच माळ्यावरून पेट्या उतरवून अंगणात मांडल्या होत्या, वाटणीच्या दिवशी जिथे मांडल्या होत्या तिथेच. माझ्या मनात काय होते ते तुम्हाला सांगते, हसू नका. ठक् असा आवाज व्हावा. मग पाटलांना निरोप धाडावा, भट्टीची एकदोन माणसे बोलवावीत, गावाचे नाव मी काढून द्यावे. एक गिरणी. पुढचे पुढे.

भाऊजींनी मधल्या मापाचे झाकण पेटीवर ठेवले. खुंट्या भोकांत गेल्या नाहीत.

तुमची पेटी खाऱ्या हवेने फुगून एका कोपऱ्यात पिळवटली होती. त्यांचे झाकण पत्र्याच्या शेडमध्ये वाळून आकसले होते. दोन्ही एकाच झाडाची, एकाच सुताराच्या हातची. भाऊजींनी झाकण फिरवून पाहिले, दाबून पाहिले, गुडघा टेकून पाहिले.

“दादानं उंडीचं तेल दिलं नाही वाटतं यांना कधी,” ते म्हणाले. लाकूड फुगू नये, वाळू नये म्हणून मामंजी नमुन्यांना ते तेल नेमाने लावीत.

“तुम्ही दिलंत?”

त्यांनी मग खिशातून कानस काढली. घेऊनच आले होते. “खुंट्या घासाव्या लागतील, वहिनी. दादाच्या पेटीच्या.”

“आणि तुमच्या झाकणाची भोकं मोठी केली तर?”

“झाकण कशाला खराब करायचं? ते चांगलं आहे.”

तुम्ही गेल्यानंतर मी प्रथमच हसले. ते हसू चांगले नव्हते, भाऊजी दचकले. मी त्यांच्या हातातून कानस घेतली, खाली बसले, आणि तुमच्या खुंट्या घासल्या. मग झाकण उलटे केले आणि त्यांची भोकेही घासली. ते “वहिनी, वहिनी” करीत राहिले. कुणी मला आत जा म्हटले नाही. ऊन अंगणाच्या पलीकडे सरकेपर्यंत मी घाशीत होते.

शेवटी खुंट्या आत गेल्या. आवाज झाला नाही. तीन बाजू टेकल्या आणि चौथ्या बाजूला, जिथे तुमची पेटी पिळवटली होती, तिथे बोट जाईल एवढी फट राहिली. भाऊजी वाकून तिच्यातून पाहत म्हणाले, “चालेल. एवढं चालतं, वहिनी. ओतल्यावर कानशीनं जमवून घेऊ.”

अगदी तुमचाच आवाज होता.

“नाही,” मी म्हटले. “मिटलेलं नाही. भट्टी पेटणार नाही.”

“मग गिरणी?”

“गिरणी दिवेआगरला आहे, किहीमला आहे, पाटलांच्या गावी आहे. इथं नुसती लाकडं आहेत.”

भाऊजी उठले. मग रिकामे गोणपाट घडी करून काखेत घेतले आणि शेवटच्या एसटीने गेले. झाकणे ठेवून गेले. मीच ठेवून घेतली.

तर तुमचे शेवटचे सांगणे मी मोडले, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. पेट्या तुमच्याबरोबर जाळल्या असत्या तरी गिरणी झाली नसतीच. हे कळून तुम्हाला बरे वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते. इतक्या वर्षांत तुम्हाला बरे वाटावे असे फार थोडे माझ्या हातून घडू दिलेत.

सगळी अर्धुके आता ओसरीवर आहेत, पेटीवर झाकण, फटीसकट. माळ्याला कुलूप नाही. दर सोमवारी मी उंडीचे तेल घेऊन बसते आणि दोन्हींना सारखेच लावते. फट मिटेल या आशेने नाही. लाकडाचा यात काही दोष नव्हता.